दावणीचा बैल दावे तोडतो तेव्हा

विलायतेतल्या एका पोटनिवडणुकीची गोष्ट या पानावर कशाला, असे कुणी विचारील. कपाशीचा भाव, ज्वारीचा भाव, बँकेच्या नोटिसा हे विषय काय संपले? संपलेले नाहीत. पण मते मोजण्याची जी पद्धत इंग्लंडात आहे तीच आपण उचलली आहे. ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त तो खासदार. बाकीच्यांची मते मातीमोल. आपली लोकसभा आणि विधानसभा याच मापाने भरतात. हे माप जिथे सर्वांत जुने, तिथल्या शेतकरी मुलखाने ते एकदा उलटे करून दाखवले. ते कसे केले आणि त्यातून पदरात काय पडले, हे समजून घेणे आपल्या कामाचे आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून नॉर्थ श्रॉपशायर नावाचा मतदारसंघ आहे. दूधदुभते, गुरे आणि मेंढ्यांचा मुलूख. ऑस्वेस्ट्री, व्हिटचर्च, मार्केट ड्रेटन अशी लहान बाजाराची गावे. शंभर वर्षांहून अधिक काळ हा भाग हुजूर पक्षाच्या दावणीला होता. उमेदवार कोण हे बघायचेसुद्धा कारण नव्हते. २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे ओवेन पॅटरसन येथून २२,९४९ मतांच्या फरकाने निवडून आले. लिबरल डेमोक्रॅट हा तिसरा, लहान पक्ष. त्याला शेकडा दहा मते होती.

हे पॅटरसन साधे खासदार नव्हते. ते देशाचे माजी शेती आणि पर्यावरण मंत्री. पण दोन खाजगी कंपन्यांकडून वर्षाला लाखभर पौंडांहून अधिक मेहनताना घेऊन ते त्या कंपन्यांसाठी सरकारी खात्यांकडे शब्द टाकत होते. संसदेच्या शिस्तपालन अधिकाऱ्यांनी चौकशी केली, दोष सिद्ध झाला, तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली. त्यावर बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने काय करावे? ३ नोव्हेंबर २०२१ रोजी बहुमताच्या जोरावर निलंबन लांबणीवर टाकून नियमच बदलायला घेतले. चोर सापडला म्हणून पंचनाम्याची वही बदलायची, असा प्रकार. देशभर ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला.

१६ डिसेंबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या हेलन मॉर्गन यांना १७,९५७ मते पडली, हुजूर पक्षाच्या उमेदवाराला १२,०३२. तेवीस हजारांचे मताधिक्य धुऊन वर ५,९२५ मतांनी विजय. शंभर वर्षांचे दावे एका दिवसात तुटले.

हे का झाले? एक सांगितले पाहिजे: हा विजय एकट्या शेतकऱ्याचा नव्हता. त्या देशात शेतीवर काम करणारे शेकडा दोनही नाहीत. रुग्णवाहिका तासन् तास येत नाही, ही त्या मुलखातली घरोघरची तक्रार होती. करोनाच्या काळात लोकांना घरात कोंडून पंतप्रधानांच्या निवासस्थानी मेजवान्या झाल्या, हे त्याच महिन्यात बाहेर आले होते. पण या सगळ्याच्या तळाशी शेतकऱ्याची धुसफूस होती. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या शेतकऱ्याला एकरी हिशेबाने मिळणारी मदत २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कापायला सुरुवात झाली. त्याऐवजी पर्यावरणाची कामे करा, त्याचे पैसे देऊ, असे सांगण्यात आले. जुनी मदत कापली जात होती ती दिसत होती. नवीन योजना कागदावरच चाचपडत होती. त्याच वेळी ऑस्ट्रेलियाशी व्यापाराचा करार झाला. तिथले गोमांस आणि मेंढीचे मांस काही वर्षांत जकातीशिवाय येणार. इंग्लंडचा शेतकरी म्हणत होता, व्यापाराला आमची ना नाही. पण आमच्यावर घरात शंभर नियम लादता आणि बाहेरून येणाऱ्या मालाला ते नियम नाहीत, ही कसली शर्यत? पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कराराच्या वेळी शेती खाते सांभाळणाऱ्या जॉर्ज युस्टिस यांनी संसदेत उभे राहून कबूल केले, की हा करार आपल्या देशाच्या दृष्टीने काही फारसा चांगला नव्हता. खुर्ची गेल्यावर मंत्र्यांना खरे बोलायला सुचते, हे तिकडेही तसेच.

नॉर्थ श्रॉपशायर हा अपघात म्हणावा, तर सहा महिन्यांत दुसरा दणका बसला. डेव्हन परगण्यातला टिव्हर्टन आणि होनिटन हाही असाच पशुपालक मुलूख. तिथले खासदार नील पॅरिश स्वतः शेतकरी आणि संसदेच्या शेती समितीचे अध्यक्ष. सभागृहात बसून मोबाईलवर नको ते पाहताना सापडले. पहिल्या वेळी ट्रॅक्टर शोधत होतो, चुकून भलतीकडे गेलो, असा खुलासा त्यांनी केला! दुसऱ्या वेळी मुद्दाम पाहिले हेही कबूल केले आणि राजीनामा दिला. २३ जून २०२२ च्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे रिचर्ड फोर्ड ६,१४४ मतांनी निवडून आले. हुजूर पक्षाचे आधीचे मताधिक्य होते २४,२३९. तोपर्यंतच्या कोणत्याही पोटनिवडणुकीत एवढे मोठे मताधिक्य उलटले नव्हते. हुजूर पक्षाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच राजीनामा दिला आणि दोनच आठवड्यांत जॉन्सन यांनाही पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. त्याला इतरही कारणे होती. पण आपल्या हक्काच्या जागा जाताहेत, ही धास्ती हुजूर खासदारांच्या मनात त्या दोन मतदारसंघांनी भरवली.

आता मतांचा हिशेब पाहा, कारण खरी मेख तिथे आहे. दोन्ही मतदारसंघांत २०१९ साली दुसऱ्या क्रमांकावर मजूर पक्ष होता. पोटनिवडणुकीत त्याचे मतदार तिसऱ्या पक्षाकडे वळले. टिव्हर्टनला मजूर पक्षाची अनामत जप्त झाली. त्याच दिवशी वेकफील्डला दुसरी पोटनिवडणूक होती. तिथे मजूर पक्ष जिंकला आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाची अनामत गेली. दोन्ही पक्षांत युतीचा कागद झाला नव्हता, एका व्यासपीठावर सभा झाली नव्हती. मतदारांनी आपापल्या गावात बसून ठरवले, की इथे कोण याला पाडू शकतो त्याला मत द्यायचे. पक्षाचा अभिमान एका दिवसासाठी खुंटीला टांगला.

पोटनिवडणुकीत हे सोपे जाते. सरकार पडण्याची भीती नसते, म्हणून मतदार मोकळ्या मनाने चाबूक ओढतो. लहान पक्षाला सहाशेवर मतदारसंघांत माणसे पुरवता येत नाहीत, पण एका मतदारसंघात देशभरचे कार्यकर्ते उतरवता येतात. मोठ्या पक्षाचे निम्मे मतदार रुसून घरी बसतात. म्हणून पोटनिवडणूक जिंकली म्हणजे राज्य आले, असे समजणारा फसतो. १९६२ साली लंडनजवळच्या ऑर्पिंग्टनला एरिक लुबॉक या लिबरल उमेदवाराने हुजूर पक्षाची पक्की जागा जिंकली. केवढा गाजावाजा झाला! त्या वर्षी जुलैत पंतप्रधान मॅकमिलन यांनी घाबरून मंत्रिमंडळातले सात जण एका झटक्यात घरी पाठवले. पण १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत शेकडा अकरा मते घेऊनही लिबरल पक्षाला जागा मिळाल्या फक्त नऊ.

मग अशा विजयाचा उपयोग काय? उपयोग असा, की लहान पक्ष स्वतः सत्तेवर न येता मोठ्या पक्षांना वाट बदलायला लावतो. १९६७ साली स्कॉटलंडमधील हॅमिल्टनला विनी युइंग या स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाच्या बाईंनी मजूर पक्षाची जागा हिसकावली. तीन वर्षांत ती जागा गेलीही. पण स्कॉटलंडच्या कारभाराचा प्रश्न कुणाला पुन्हा टाळता आला नाही. १९९९ साली स्कॉटलंडची स्वतःची संसद भरली तेव्हा सर्वांत वडील सदस्य म्हणून पहिल्या बैठकीच्या खुर्चीवर याच युइंगबाई होत्या. युरोपातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाने २०१४ साली क्लॅक्टनची पोटनिवडणूक जिंकली. पुढच्या वर्षी त्याला देशभर शेकडा बारा-साडेबारा मते पडली आणि जागा मिळाली एक. एकच! पण सार्वमताचे जे आश्वासन पंतप्रधान कॅमेरून यांनी २०१३ मध्ये देऊन ठेवले होते, त्यातून मागे फिरण्याची वाट बंद झाली. २०१६ साली सार्वमत झाले आणि देश युरोपीय संघातून बाहेर पडला. शेतकऱ्याची एकरी मदत कापली गेली ती याच वाटेने. एका जागेच्या पक्षाने केवढी उलथापालथ केली, आणि ती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कशी आली, हे ध्यानात घ्या. दाव तोडताना पुढे विहीर आहे की कुरण, हे पाहावे लागते ते यासाठी.

दुसरा धडा मतांच्या पेरणीचा. २०१९ साली लिबरल डेमोक्रॅट पक्षाला शेकडा साडेअकरा मते आणि ११ जागा होत्या. २०२४ साली मते जेमतेम सव्वाबारा, पण जागा ७२. मते जवळपास तेवढीच, जागा सहापटीने वाढल्या. का? पोटनिवडणुकांनी त्यांना शिकवले, की साऱ्या शिवारात मूठमूठ बी फेकू नका; जिथे ओल आहे तिथे पेरा. हुजूर पक्षाच्या जुन्या ग्रामीण जागा निवडून त्यांनी तिथेच कष्ट केले. मॉर्गन आणि फोर्ड दोघेही पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीत रिफॉर्म या दुसऱ्या लहान पक्षाला त्यांच्याहून जास्त, शेकडा चौदा मते पडली. ती देशभर विखुरलेली, म्हणून जागा फक्त पाच. आणि मजूर पक्षाने शेकडा चौतीसच्या आत मते घेऊन चारशेवर जागा पटकावल्या. या मापाची गंमत ही अशी आहे.

आता सर्वांत कडू गोष्ट. हुजूर पक्षाला धडा शिकवला, मजूर पक्षाचे सरकार आले. शेतकऱ्याला काय मिळाले? शेतजमिनीवरच्या वारसा कराच्या सवलतीला हात लावायचा विचार नाही, असे या पक्षाचे शेतीचे प्रवक्ते विरोधात असताना सांगत होते. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अंदाजपत्रकात तीच सवलत कापली: दहा लाख पौंडांवरच्या शेतीमालमत्तेवर शेकडा वीस वारसा कर, एप्रिल २०२६ पासून. कागदावर जमिनीची किंमत मोठी, हातात उत्पन्न थोडे. बाप मेला की कर भरायला मुलाने जमीनच विकायची. संसदेत ७२ खासदारांचा पक्ष विरोध करत होता, पण बहुमतापुढे ७२ म्हणजे काय? तेव्हा शेतकरी स्वतः निघाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हजारोंनी लंडन गाठले, पुढे ट्रॅक्टर राजधानीच्या रस्त्यांवर आले. ग्रामीण भागातून निवडून आलेले मजूर पक्षाचेच काही खासदार कुरकुरू लागले. मे २०२५ मध्ये रंकॉर्न आणि हेल्सबीच्या पोटनिवडणुकीत रिफॉर्म पक्षाने मजूर पक्षाची चौदा हजारांवर मताधिक्याची जागा अवघ्या सहा मतांनी घेतली. ती निवडणूक शेतीच्या प्रश्नावर नव्हती. पण आपलीही दावण पक्की नाही, हे मजूर पक्षाला कळले. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने कराची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाख पौंडांवर नेली. कर गेला नाही, पण बहुतेक लहान शेतकरी त्यातून सुटले. हे मिळाले ते नुसत्या मताने नव्हे आणि नुसत्या ट्रॅक्टरनेही नव्हे. वर्षभर रस्ता सोडला नाही आणि मताची धास्ती कायम ठेवली, म्हणून मिळाले.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, यातून घ्यायचे ते एवढेच. ज्याचे मत ठरलेले आहे त्याला कुणी विचारत नाही. दावणीला बांधलेल्या बैलाला उरलेसुरले कडबाचिपाड पडते; पेंड मिळते ती दावे तोडू शकणाऱ्याला. पण एकदा दावे तोडले म्हणजे काम झाले, असेही नाही. एक धनी सोडून दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन पुन्हा मान खाली घातली, तर फक्त खुंटा बदलतो. पोटनिवडणुकीतला विजय ही पराणीची टोच आहे. टोचेने बैल हलतो, नांगरट होत नाही. नांगरट करायची तर मागे चालणारा माणूस लागतो, आणि तो दुसऱ्या दिवशीही शेतात यावा लागतो.

मेळाव्यात बसाल तेव्हा आपल्या तालुक्याचा हिशेब मांडा. गेल्या तीन निवडणुकांत आपल्या गावाची मते कुठे गेली, किती फरकाने गेली, आणि त्या बदल्यात काय मिळाले? हे तीन आकडे पाटीवर खडूने लिहा. मग पुढचे बोलणे सुरू करा.