पोचा लांबीने बुजवू नका
साठच्या दशकात कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला बी-२७५ ट्रॅक्टर कुठे कुठे अजून नांगरटीला जातो. त्याच्या बॉनेटचा पोचा लांबी भरून झाकलेला पाहिला की वाईट वाटतं. इंजिनाच्या थरथरीने जाड लांबी तडकते, भेगेत पाणी मुरतं आणि पत्रा आतून गंजतो. बॉनेट उतरवून, आतून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून, कडेकडून मध्याकडे हलक्या हाताने ठोकत यावं. दणके घातले तर पत्रा ताणतो, बोटाने दाबताच आतबाहेर होतो. मग ताणलेल्या जागी छोटा ठिपका लाल होईतो तापवून ओल्या फडक्याने निववला की पत्रा आकसतो. हे काम जाणणारा डेंटर शोधा, त्याला वेळ द्या. मूळ पत्रा भंगारात घालू नका.