शिकता शिकता शिकवणे

मडके आधी भाजावे आणि मग त्यात पाणी भरावे, तसे शिक्षण आधी पुरे करावे आणि मग कामाला लागावे, अशी जगाची रीत आहे. परंतु काही कामे अशी असतात, की त्यांत शिकणे आणि करणे यांची फारकत करताच येत नाही. स्वमग्न मुलांना शिकवणे हे अशांपैकी एक काम होय.

स्वमग्नता हा रोग नव्हे. ते मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपण आहे. असे एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, खेळण्यातील गाडीचे चाक तासन्‌तास फिरवीत बसते, घंटेचा आवाज होताच कानांवर हात ठेवते. दुसरे एखादे अस्खलित बोलते. परंतु समोरच्याच्या चेहऱ्यावरील राग किंवा थट्टा त्याला उमगत नाही. एका मुलाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच, असा भरवसा नसतो.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक वर्षे मोठमोठे जाणकारदेखील म्हणत, की आईची माया उणी पडल्याने मूल असे होते. हा समज पुढे साफ खोटा ठरला. पण तोवर कितीतरी निरपराध मातांना दोषाचे ओझे वाहावे लागले. हेतू चांगला असूनही ज्ञान अपुरे असले, तर सेवेच्या हातून असा अन्याय घडतो.

त्या काळात लंडनमध्ये सिबिल एल्गार नावाच्या बाई एका शाळेत चिटणीसाचे काम करीत. चाळिशी उलटल्यावर त्यांनी टपालाने माँटेसोरी पद्धतीचे शिक्षण घेतले. अशा मुलांना शिकवून उपयोग नाही, असा तेव्हा पुष्कळांचा ग्रह होता. बाईंनी १९६२ साली आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांचा वर्ग सुरू केला. लांबलचक बोलण्याने मुले गोंधळतात. मोजक्या शब्दांत सांगितले, प्रत्यक्ष करून दाखवले आणि दिवसाचा क्रम ठरलेला ठेवला, तर ती शिकतात, हे त्यांनी जाणले. १९६५ साली पालकांच्या संस्थेने ईलिंग या भागात शाळा काढली, तेव्हा तिची धुरा बाईंकडेच आली.

मुलांकडूनच शिकायचे, तर पुस्तके कशाला, असे कोणी विचारील. परंतु केवळ अनुभवावर विसंबणारा मनुष्य एका मुलाचा नियम सर्वांना लावतो आणि जुन्या चुका पुन्हा करतो. ज्ञानही एके जागी थांबत नाही. भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत तो झाला. १९९५ साली पदवी घेऊन ज्याने पुस्तक कायमचे मिटले, तो शिक्षक आजच्या मुलाला काय देणार?

हा दुहेरी भार हलका नाही. दिवसभर मुलांमागे धावून थकलेल्या माणसाला रात्री पुस्तक उघडणे जड जाते. महिनोन्‌महिने खपावे, तेव्हा एखादे मूल सदऱ्याचे एक बटण स्वतः लावते. परंतु ते बटण लागले, म्हणजे वाचलेल्या पानाचा खरा अर्थ शिक्षकाला कळतो; आणि ते लागले नाही, तर कोणते पान पुन्हा वाचावयाचे, तेही कळते.

या विद्येचा पहिला धडा गिरवण्यास मात्र पदवी लागत नाही. शेजारच्या बाकावरील सोबती आपल्यासारखा वागत नाही, म्हणून त्याला न हसता तो असे का करतो, हे जो विद्यार्थी धीराने पाहतो, त्याचा तो धडा सुरू झालेलाच असतो.