डोहाळजेवणाच्या आधीचे महिने

17 सप्टेंबर 2025 रोजी आपल्या धार जिल्ह्यात, बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे, पंतप्रधानांच्या हस्ते 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान आणि आठवा राष्ट्रीय पोषण महिना यांचा शुभारंभ झाला. आपल्याकडे गप्पा रंगल्या त्या तिथल्या कापड उद्योगाच्या पीएम मित्र पार्कच्या. पोषणाचा विषय मागेच पडला.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील 35.7 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 42 टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण 15 ते 49 वयाच्या 54.7 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि उद्याची बाळे यांच्याच पोटी येणार.

प्रश्न आहे तो वेळेचा. मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे 5000 रुपये असोत की अंगणवाडीतून गर्भवतीला मिळणारा आहार, सगळे सुरू होते ते गर्भारपणाची नोंद झाल्यावर. कुक्षी, डही, गंधवानीकडून मजुरीसाठी गुजरातेत गेलेल्या बाईची ही नोंद कधी होते, होते की नाही, हे तिथल्या अंगणवाडीताईंनाच विचारावे.

याबाबतीतले महत्त्वाचे संशोधन आपल्याच माणसांमध्ये झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो. ही बाळे दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त. पुढे मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो. ज्या माता पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती.

मग 2006 ते 2012 या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजार स्त्रियांवर प्रयोग झाला. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांचा एकत्रित हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. मात्र दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पहिला खाऊ खाणाऱ्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली. 48 ग्रॅम म्हणजे एखाद्या लाडवाचे वजन, असे म्हणून हसू नये. शिवाय त्या गटात गर्भारपणातला मधुमेहही कमी आढळला. एक गोष्ट मात्र बोचते. ज्या मुळातच फार कृश होत्या, त्यांच्या बाळांचे वजन वाढले नाही. आम्हाला यातून एवढे दिसते की अशा बाईचे एका खाऊवर भागत नाही, तिला आधी पोटभर जेवण हवे.

हे केवळ आदिवासी पाड्यांपुरते आहे असे समजू नये. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते. ते मिळते दूध-दही आणि मांस-अंडी यांतून. धार-देवासच्या आपल्या शाकाहारी घरांत नवी सून सगळ्यांची पाने आटोपल्यावर जेवते, तेव्हा दही किती उरलेले असते? त्यात चतुर्थी, एकादशी आणि साबुदाणा. सातव्या महिन्यात आपण हौसेने डोहाळजेवण करतो, बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू देतो. लग्न ठरल्यावर मुलीची साड्यांची खरेदी महिनोन् महिने चालते. हिमोग्लोबिन आणि बी-12 ची तपासणी एका सकाळी होते. ती त्याच यादीत लिहावी, आणि आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या लग्नाला आलेल्या लेकीचीही आपल्या खर्चाने करून द्यावी.