घाट उतरल्यावर

आंबोलीतला पाऊस ओसरला. धबधबे बारीक झाले, पर्यटकांची झुंबड हटली आणि खाली सावंतवाडीच्या कॉलेजांत पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली. आजच, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे.

२०१२ पासून बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये ९६.७४ टक्के. त्याचे कौतुक आपल्याला पुरून उरते. मात्र तीच मुले पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली की त्यांचे काय होते, हे कुणी विचारत नाही.

गावच्या शाळेत सरांना मुलाच्या आजोबांचेही नाव ठाऊक असते. कॉलेजात भरगच्च वर्ग आणि इंग्रजीतली व्याख्याने. आंबोलीहून तीसेक किलोमीटरच्या वाटेवर, घाटात धुक्याने एसटी रखडली की पहिला तास बुडतो. मध्येच वर्गात शिरायची लाज वाटते, म्हणून दुसराही. जुलैत वडिलांच्या कणसाच्या गाडीवर हात लावावा लागतो, जर्नल अपुरे राहते आणि ते अपुरे म्हणून प्रॅक्टिकल चुकवले जाते. ‘माका जमाचा नाय’ हे मुलगा स्वतःलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. मग विषय राहून केटी लागते आणि आपण म्हणतो, पोरगा अभ्यास करत नाही. सावंतवाडीतल्या मोती तलावाच्या कठड्यावर दिवस काढणारे उनाडही आहेत, नाही असे नाही. पण भ्यालेला आणि उनाड, हजेरीपटावर दोघांची नोंद एकच: गैरहजर.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. योग्यच झाले. परंतु ‘वेडा’ ठरण्याच्या भीतीने मुलगा समुपदेशकाच्या खोलीची पायरी चढत नाही. सलग तीन दिवस न दिसलेल्या मुलाला ‘काय रे, खंय होतस?’ असे विचारणारे माणूस आधी वर्गात हवे. ती अपेक्षा तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाकडून करायची, तर सरकारने रिक्त जागा भराव्यात.

‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सूचनाफलकावर लावाच. शिवाय परीक्षेआधी हजेरीपट उघडा. जूनमध्ये येणारी आणि आता न दिसणारी मुले शोधून त्यांच्या घरी फोन करा. नाहीच लागला, तर घाट चढून जा.