गृहकार्यशाळा : जुन्या ड्रिलचा जीर्णोद्धार

वाचकहो, जे. पी. नगरात घर केलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर एखादे जुने ड्रिल मशीन किंवा ग्राइंडर धूळ खात पडले असेल. वडिलांनी उमेदीच्या काळात घेतलेले ते हत्यार केव्हातरी ‘बंद पडले’ एवढ्याच शेऱ्यासह बाजूला ठेवले गेले. ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी रविवारची एक सकाळ त्याच्यासाठी खर्च करावी, अशी विनंती आहे.

विजेचे हातड्रिल जर्मनीतील फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा खटका असलेल्या ड्रिलचे एकस्व अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांस १९१७ साली मिळाले. विजेच्या मोटारी बनविण्याची परंपरा आपल्या बंगळुरासही नवी नाही. किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी येथे १९४६ साली स्थापन झाली. तारेवर चालणाऱ्या साध्या ड्रिलची अंतर्रचना या साऱ्या काळात मूलतः तीच राहिली आहे. म्हणूनच त्याची दुरुस्ती सामान्य माणसाच्या आवाक्यात येते.

प्रथम सुरक्षिततेविषयी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढून आपल्या नजरेसमोर ठेवावा आणि मगच स्क्रू सैल करावेत. घरातील वीज २३० व्होल्टची असते व ती चूक माफ करीत नाही. जुन्या यंत्राचे अंग धातूचे असेल, तर त्याला तीन तारांची केबल व तीन पिनांचा प्लगच हवा. अर्थिंगची हिरवी तार कोणी ‘उगाच कशाला’ म्हणून कापून टाकली असेल, तर ती पुन्हा जोडल्यावाचून यंत्रास हात लावू नये. यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असल्यास ते दुहेरी आवरणाचे समजावे; त्यास दोन तारा चालतात. घराच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे ही तर विम्याहून मोलाची सोय आहे.

आता रोगाचे निदान. यंत्र मुळीच हलत नसेल, तर आधी केबल पाहावी. ती प्लगपाशी किंवा मुठीत शिरते तेथे वारंवार वाकून आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. साध्या मल्टिमीटरने ही गोष्ट दोन मिनिटांत कळते. त्यानंतर स्विच तपासावा व मग कार्बन ब्रश.

‘ब्रश’ या शब्दाने वाचकांनी गोंधळून जाऊ नये. पूर्वी तेथे खरोखरच तांब्याच्या तारांचे झुबके असत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्ज यांनी त्यांच्या जागी कार्बन वापरण्याचे एकस्व घेतले; केस गेले, नाव मात्र राहिले! कार्बनचे हे दोन चिमुकले ठोकळे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवितात व पेन्सिलीसारखे झिजतात. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतके उरले की दोन्ही एकदम बदलावेत. जुना नमुना खिशात घालून जावे, जे. पी. नगरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने, गाडी न बदलता, चिकपेटला उतरले की सदर पत्रप्पा रस्त्याचा बाजार पायी गाठता येतो. ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा कम्यूटेटर काळवंडला असल्यास बारीक काचकागदाने हलकेच उजळावा. एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे कण खाचांत रुतून बसतात.

यंत्र फिरते, पण कर्कश आवाज करते, तर दोष बहुधा बेअरिंगचा. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ६०८ असेल, तर भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ व जाडी ७, हे जगभर ठरलेले आहे. म्हणून यंत्र बनविणारी कंपनी कधीच बंद झाली असली तरी बेअरिंग मिळते. दांड्यावर बसविताना आतल्या कड्यावरच दाब द्यावा, बाहेरच्या कड्यावर हातोडी चालवू नये. गिअरमधील वाळलेले ग्रीस रॉकेलने धुऊन, पुसून, नवे बेताने भरावे.

शेवटी, कोठे थांबावे हेही कळले पाहिजे. कम्यूटेटरभोवती ठिणग्यांचे कडे दिसते, जळका वास येतो, तर आर्मेचर गेले असण्याचा संभव मोठा. ते काम मोटार वाइंडिंगच्या कारागिराचे. त्याने सांगितलेला खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर मोह आवरावा. दुरुस्त केलेले यंत्र वापरण्यापूर्वी त्याच्याकडून मेगरने एकदा तपासून घ्यावे; मल्टिमीटरला न दिसणारी गळती मेगरला दिसते. आणि निरोप द्यावयाचाच असेल, तर यंत्र कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेच्या हत्यारांचाही समावेश आहे. नोंदणीकृत संकलन केंद्राकडेच ते सोपवावे.

काटकसर म्हणजे जुने कवटाळून बसणे नव्हे. टिकणारे कोणते आणि संपलेले कोणते, हे उघडून पाहण्याची तयारी म्हणजे काटकसर. घरातील मुलांना हे काम पाहावयास जवळ बसवावे. सुटे केलेले यंत्र पुन्हा जुळून फिरू लागलेले पाहणे, हा धडा पुस्तकांतून मिळत नाही.