जुनी डीपी, मुका मीटर आणि आपण

शिवारात फिरताना एक दृश्य पुष्कळदा नजरेस पडते. दोन खांबांच्या आधाराने रोहित्र उभे असते आणि त्याच्या खाली, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पत्र्याची एक पेटी असते. पेटीचे दार मोडलेले असते किंवा मुळीच नसते. आतील चिनी मातीच्या किटकॅटपैकी एखाद-दुसरी तडकलेली असते आणि फ्यूजच्या तारेच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारांचा जाड पीळ घातलेला असतो. या सगळ्याला मिळून शेतकरी ‘डीपी’ म्हणतो. बैलाच्या खुराला जखम झाली तर त्याच दिवशी औषध लावणारा शेतकरी डीपीच्या या जखमेकडे मात्र वर्षानुवर्षे पाहत जातो. डीपी कंपनीची आहे, आपली नव्हे, अशी त्याची समजूत असते. कागदोपत्री ती खरीही आहे. परंतु डीपी जळाली म्हणजे वाळणारा ऊस कंपनीचा नसतो.

राज्याचे विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. एवढ्या काळात खेडोपाडी जे तारमार्ग गेले, त्यांवर आज निरनिराळ्या वयाची यंत्रसामग्री एकत्र नांदते आहे. खांब एका पिढीचा, रोहित्र दुसऱ्या पिढीचे, उपकेंद्रातील रिले तिसऱ्या आणि मीटर चौथ्या पिढीचे. नवे रोहित्र आले की गावात नारळ फुटतो. परंतु त्या रोहित्राचे रक्षण करणारी, त्यातून गेलेली वीज मोजणारी आणि ती नोंद दूरवर कळविणारी लहानसहान साधने जुनी झाली आहेत काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. माझ्या मते आपल्या वीजपुरवठ्याचे निम्मे दुखणे येथेच आहे.

प्रथम फ्यूजचा विचार करू. फ्यूज ही मुद्दाम दुबळी ठेवलेली जागा होय. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तिने वितळावे आणि रोहित्राचे वेटोळे वाचवावे, एवढेच तिचे काम. ठरलेल्या जाडीची कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार सांगितली जाते ती याकरिता. तिच्या जागी जाड पीळ घातला म्हणजे फ्यूज जाणे थांबते हे खरे, पण मग वितळण्याची पाळी रोहित्रावर येते. चार आण्यांची तार वाचवून आपण लाखाचे यंत्र पणास लावतो.

पीळ का घालावा लागतो, हेही पाहिले पाहिजे. ६३ केव्हीएच्या रोहित्रातून ४३३ व्होल्टला सुमारे ८४ अँपिअर प्रवाह घेता येतो. पाच अश्वशक्तीचा पंप भरभारावर साधारण साडेसात ते नऊ अँपिअर घेतो. म्हणजे असे दहा पंप झाले की रोहित्राची ताकद संपली. भीमेच्या काठच्या एका गावी मी गेलो असता अशाच एका रोहित्रावर सतरा पंप चालत होते. उन्हाळ्यात ते तीनदा जळाले आणि तिन्ही वेळा त्याच क्षमतेचे दुसरे रोहित्र तेथे आले. रोहित्रावर मीटर होता, परंतु त्याचा पडदा कोरा होता आणि तो कधीपासून तसा आहे हे कोणालाच सांगता येईना. जोडलेला भार किती, याचा पुरावाच नव्हता. अखेर एका तरुण शेतकऱ्याने वहीत प्रत्येक पंपाची अश्वशक्ती, मोटारीच्या पट्टीवरून वाचून, सर्वांच्या सह्यांनिशी उतरविली. ती यादी अर्जासोबत गेल्यावर दुसऱ्या वर्षी तेथे आणखी एक रोहित्र उभे राहिले. यादीत स्वतःचा वाढीव पंप कबूल करण्यास तिघे आधी कचरत होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांची समजूत घालण्यात आठ दिवस गेले.

दुसरे दुखणे ऑटो स्विचचे. थेट जोडणीच्या स्टार्टरवर पंप सुरू होताना नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह घेतो. वीज आली की दहाही पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर ८४ अँपिअरच्या रोहित्रावर साडेचारशे अँपिअरच्या वर झटका बसतो. रोज असे एक-दोन झटके खाणाऱ्या वेटोळ्याचे आयुष्य किती असणार? तथापि ऑटो स्विच बसविणाऱ्यास दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. रात्री दोन वाजता वीज येणार, वाटेत विंचू-किरडू आणि काही भागांत बिबट्याही. अशा वेळी घरून पंप सुरू व्हावा असे कोणास वाटणार नाही? सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली सुरू झाली आणि दिवसा वीज मिळू लागली तेथे हा प्रश्न सौम्य होतो. जेथे ती अजून पोचलेली नाही, तेथे ऑटो स्विचसोबत विलंबाचा टायमर लावून एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपापसांत मिनिटे वाटून घ्यावीत. पहिल्याचा पंप एका मिनिटाने, दुसऱ्याचा दोन मिनिटांनी. पाण्याची पाळी ठरविता येते, तर पंपाची का येऊ नये? पाच अश्वशक्तीच्या मोटारीस २ केव्हीएआरचा कपॅसिटर असावा, हेही याच वेळी पाहून घ्यावे. फुगलेला कपॅसिटर असून नसल्यासारखा.

आता जेथे शेतकऱ्याची नजर पोचत नाही त्या उपकेंद्राकडे वळू. ११ केव्हीची तार तुटली की रिले प्रवाहातील बिघाड ओळखतो आणि ब्रेकरला वाहिनी तोडण्याचा हुकूम देतो. जुने रिले फिरत्या तबकडीचे असतात. धूळ आणि गंज यांनी तबकडी जड झाली की हुकूम उशिरा सुटतो. नवे अंकीय रिले अचूक खरे, पण त्यांतील भाग जुन्या तबकडीइतकी वर्षे टिकत नाहीत. दोन्ही प्रकारांत ब्रेकर उघडण्याची शक्ती बहुधा उपकेंद्रातील बॅटरीतून येते. बॅटरी मेलेली असेल तर रिले कितीही चांगला असो, वाहिनी चालूच राहते आणि तुटलेली तार जमिनीवर जिवंत पडून राहते. उपकेंद्रातील दिवे लागलेले असतात, पंप चालू असतात, सर्व ठीक दिसते, आणि नेमके हेच भयंकर आहे. बॅटरीची नियमित चाचणी ही माझ्या दृष्टीने नव्या रोहित्राइतकीच निकडीची बाब आहे आणि तिचा खर्च अगदी अल्प आहे. दुसरे असे की, कोरड्या मुरमावर किंवा खडकावर पडलेली तार इतका थोडा प्रवाह घेते की निरोगी रिलेसही ती कळू नये. म्हणून वाहिनी बंद झाली असेल अशा समजुतीने पडलेल्या तारेजवळ कोणी जाऊ नये, गुरे जाऊ देऊ नयेत, आणि लाइनमन येईपर्यंत तेथे राखण ठेवावी.

मीटरविषयी शेतकऱ्यांच्या मनात अढी आहे व ती निराधार नाही. पंप तिनाचा आणि बिल पाचाचे, रीडिंग न घेताच सरासरीचे आकडे, या तक्रारी जुन्या आहेत. २००३ च्या वीज कायद्याने दोन वर्षांत सर्व पुरवठा अचूक मीटरमधूनच व्हावा असे ठरविले. तरीही अश्वशक्तीवर आकारणी होणारे पंप पुष्कळ राहिले. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना आली. आता बिलच नाही तर मीटर कशाला, असे अनेकजण म्हणतात. मी उलट म्हणेन. बिल आपण भरत नसलो तरी आपल्या नावावर किती युनिटे मांडली जातात, त्यावर सरकारचे अनुदान ठरते. मोजमाप नसेल तर वाटेत गळालेली आणि आकडे टाकून चोरलेली वीजही शेतकऱ्याच्याच खात्यात जमा होते आणि शहरात बोल लागतो तो आपल्याला. मात्र प्रत्येक पंपावर मीटर टांगण्याच्या घाईपेक्षा रोहित्रावरील व वाहिनीवरील मीटर जिवंत ठेवणे मला अधिक अगत्याचे वाटते. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण योजनेनेही शेतीपंपांना प्रीपेड मीटरमधून वगळून वाहिनी आणि रोहित्र येथे संदेश पाठविणारे मीटर धरले आहेत. तो क्रम योग्य आहे.

परंतु संदेश पाठविणारे मीटर म्हणजे त्यांना जोडलेले मोडेम आणि मोबाइलचे सिमकार्ड आले. मीटर पंधरा वर्षे टिकावा, तर मोबाइलची पिढी त्याआधीच पालटते. एअरटेलने २०२० साली ३जी सेवा बंद केली. मीटर ठणठणीत, पण त्याचा निरोप न्यायला कोणी नाही, अशी स्थिती ओढवते. खरेदीच्या वेळीच मोडेम वेगळा काढून बदलता येईल अशी अट घालावी आणि निरोप न आलेल्या मीटरांची यादी दर महिन्यास निघून शाखा कार्यालयाच्या फळ्यावर लागावी. मुका मीटर कोणता, हे गावाला कळले तर गाव विचारील.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस येथे बरेच करता येईल. खरीप संपून रब्बीचा भार चढण्याआधी, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, गावातील प्रत्येक डीपीजवळून एक फेरी मारावी. पेटीत हात घालू नये, सळईने डिवचू नये. ते काम लाइनमनचेच. दुरूनच दार आहे काय, किटकॅट फुटली आहे काय, तेल ओघळले आहे काय, अर्थिंगची पट्टी तुटली आहे काय, मीटरचा पडदा उजळलेला आहे काय, हे पाहावे. ज्या रोहित्रास श्वासपात्र आहे, तेथे आतील खडे निळे आहेत की गुलाबी, तेही पाहावे. गुलाबी म्हणजे ओलावा धरला, खडे बदलावयास हवेत. रोहित्राचा क्रमांक व तारीख घालून हे सर्व एका कागदावर उतरवावे, त्याची एक प्रत शाखा कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि दुसरी ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.