वीस टक्के बिलो

सरकारी बांधकामाच्या निविदा उघडल्या की ठेकेदारांच्या गोटात पहिला प्रश्न असतो, ‘किती बिलो गेलं?’ अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दराने काम गेले तर खाते खूष, पुढारी त्याहून खूष. जनतेचे एवढे कोटी वाचवले असे सांगायला सगळे मोकळे. अंदाजपत्रक ज्या दरसूचीवरून करतात तिच्यात सिमेंट, लोखंड, डिझेल, मजुरी आणि ठेकेदाराचा नफा असे सगळे धरलेले असते. मग हे वीस टक्के येतात कोठून? दरसूची फुगलेली असेल, किंवा ठेकेदार काम मारणार असेल. यांखेरीज एक तिसरी वाट आहे आणि मोठ्या कामांत तीच जास्त चालते. आज सोडलेले पैसे करारातल्या फटींतून उद्या वसूल करायचे.

या वसुलीलाही कसब लागते. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ करारात ठेकेदार एकूण रकमेवर टक्का सांगतो, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीला वेगळा दर भरतो. बी-२ चा मुरलेला ठेकेदार खोदाईचा दर चढा लावतो, कारण ते काम आधी होते आणि पहिल्याच रनिंग बिलात पैसा हातात येतो. रंगकाम, फरशी यांचे दर तो पाडून ठेवतो. अंदाजपत्रक करणाऱ्याने दोनच बोअर घेऊन खडक थोडा दाखवला असेल आणि ठेकेदाराला त्या भागातली जमीन ठाऊक असेल, तर खडकफोडीचा दर कुठे जाऊन बसेल हे सांगायला नको. एकूण बेरीज मात्र सर्वांत कमी, काम त्यालाच. याला लगाम म्हणून करारात ३८ वे कलम आहे. एखाद्या बाबीचे परिमाण पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढले, तर त्यापुढच्या परिमाणाला निविदेतला दर न देता दरसूचीवरून नवा दर काढायचा. कलम चांगले आहे. पण पहिले पंचवीस टक्के मोकळेच राहतात, शिवाय निविदेत नसलेल्या कामासाठी ‘जादा बाब’ नावाचे दुसरे दार उघडे असते. मोठ्या बिलोला जादा अनामत घेण्याचा नियमही झाला. बिलो काही थांबलेले नाही.

सगळा दोष ठेकेदाराच्या गळ्यात बांधणे सोपे आहे, म्हणूनच ते नेहमी केले जाते. पण करार लिहिणारा हात सरकारचा असतो. त्या हाताला एक जुनी खोड आहे. जी जोखीम नकोशी वाटेल ती समोरच्याच्या पदरात टाकायची. ‘निविदाकाराने जागेची पाहणी केली आहे असे गृहीत धरले जाईल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक निविदेत सापडते. रस्त्याखाली कोणत्या काळातली जलवाहिनी कुठून गेली आहे हे पालिकेच्या स्वतःच्या नकाशावर नसते, ते निविदाकाराने तीन आठवड्यांत कसे पाहावे? भूसंपादन, झाडतोडीची परवानगी, वीजवाहिन्या हलवणे, वेळेवर नकाशे देणे, या सगळ्यांच्या किल्ल्या सरकारी कार्यालयांत. उशीर झाला तर दंडाचे कलम मात्र ठेकेदारावर.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे उदाहरण घ्या. करार २००७ चा, खर्च २,३५६ कोटी ठरलेला, गाडी धावली जून २०१४ मध्ये. मेट्रो बांधणाऱ्या कंपनीने खर्च ४,३२१ कोटी झाल्याचे सांगितले; मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने तो मान्य केला नाही. वादाच्या मुळाशी मुख्यतः जागा उशिरा ताब्यात मिळणे आणि आराखड्यातले बदल. प्रकरण लवादापुढे वर्षानुवर्षे चालले आणि २०२३ मध्ये बहुमताने निवाडा कंपनीच्या बाजूने लागला, साधारण ९९२ कोटींचा. पुढे त्यावरही कोर्टकचेरी. गंमत अशी की या कंपनीत प्राधिकरणाचाच २६ टक्के वाटा होता. म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजूंना थोडेथोडे आपणच!

वांद्रे-वरळी सागरी सेतूचा हिशोब याहून जुना. १९९९ मध्ये पायाभरणी, अंदाज ६६० कोटींचा आणि पाच वर्षांचा. जनहित याचिका आल्या, आराखडा मध्येच बदलला आणि ३० जून २००९ रोजी सेतू खुला होईपर्यंत खर्च सोळाशे कोटींच्या घरात गेला. त्यातले सुमारे सातशे कोटी निव्वळ व्याजाचे, असे तेव्हा सांगितले गेले. म्हणजे पहिल्या अंदाजात जेवढ्या पैशात अख्खा सेतू व्हायचा होता, तेवढ्याहून जास्त पैसा थांबून राहण्यात गेला.

विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाबद्दल तर बोलायलाच नको. ३७२ कोटींचा प्रकल्प अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता हा शब्द तिथल्या सामान्य शेतकऱ्याच्या तोंडी आला, एवढीच त्यातली जमेची बाजू.

यात मोठी कंपनी तरते, छोटा ठेकेदार बुडतो. मोठीकडे पहिल्या दिवसापासून पत्रांची फाईल तयार होते. अमुक तारखेला जागा मिळाली नाही, तमुक तारखेला नकाशा आला नाही, सगळे नोंदवलेले. पुढे लवादापुढे हीच फाईल बोलते. तालुक्याच्या ठेकेदाराची पत्र लिहायची छाती होत नाही. साहेब दुखावले तर बिल अडेल. मुदतवाढ मागायला गेला की ‘नुकसानभरपाई मागणार नाही’ असे लिहून घेतात आणि तो निमूटपणे सही करतो. वर देयके थकतात ती वेगळीच. २०२५ मध्ये राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटना सगळ्या खात्यांची मिळून ८९ हजार कोटींची थकबाकी सांगत होत्या. आकडा त्यांचा, आपण घासाघीस करून निम्मा धरू; तरी पैसे कधी मिळतील हे माहीत नसलेला माणूस दर भरताना सावकाराचे व्याज धरणारच, आणि ते धरूनही बिलो जात असेल तर काँक्रीटमध्ये काय पडते याची काळजी आपण करायची.

जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सांगितले की सरकारी खरेदीच्या करारांत दहा कोटींवरच्या वादांसाठी लवादाचे कलम सरसकट घालू नये. लवाद महाग पडतो, सरकार हरते, म्हणून लवादाची वाटच बंद. जागा हातात नसताना कार्यारंभ आदेश दिल्यामुळे सरकार हरते, त्याचे काय? महामार्ग प्राधिकरणाने ठरावीक प्रमाणात, अगदी ८०-९० टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय काम सुरू झाल्याची तारीख धरायची नाही असे धोरण घेतले, ते शहाणपण हात पोळल्यावर आलेले आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. गणपतीला कोकणात जाणाऱ्याला त्याची पुढची हकिकत तोंडपाठ आहे.

निविदा उघडल्याच्या दिवशी ‘बचत’ जाहीर करणाऱ्यांनी एक करावे. कामाच्या जागी जो फलक लावतात, त्यावर निविदेची रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि पूर्ण होण्याची तारीख असते. काम संपल्यावर तोच फलक न काढता त्यावर आणखी तीन ओळी रंगवाव्यात: अंतिम बिल किती झाले, मुदतवाढी किती दिल्या, आणि त्यांतल्या किती खात्याच्या उशिरामुळे. रंगाचा खर्च हवा तर जादा बाब म्हणून दाखवावा.